मदत हवी आहे : कडाक्याच्या थंडीत घोड्यांचे पाणी आणि कोंबड्यांचे खुराडे

आमच्याकडे घरीच घोडे आणि कोंबड्या आहेत. पहाटे तबेल्यात गेल्यावर टाकीतल्या पाण्यावर बर्फाचा थर असतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. प्रौढ घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी लागते. पाणी फार गार असले की तो कमी पितो, आणि वाळलेले गवत भरपूर खाऊनही पाणी कमी पडले तर आतड्यात चारा अडकून पोटशूळ उठण्याचा धोका असतो. गवत कमी करावे असे मला वाटत नाही, कारण ते पचताना निर्माण होणारी उष्णताच घोड्याला ऊब देते. तबेल्यात वीज नसताना पाणी रात्रभर गोठू नये म्हणून आपण काय करता? सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी दिले तर तेवढे पुरेसे ठरते का?

खुराड्याचा पेच वेगळा आहे. थंडी अडवण्यासाठी झरोके बंद केले तर विष्ठेतील अमोनिया आणि दमटपणा आत कोंडतो, आणि ओलाव्यामुळे तुऱ्यांना हिमदंश होण्याची शक्यता उलट वाढते. उघडे ठेवले तर वाऱ्याचा झोत थेट बसायच्या दांड्यांवर येतो. झरोके दांड्यांच्या किती वर असावेत, आणि भुशाची जाड गादी हिवाळाभर न काढता वरून कोरडा भुसा टाकत राहणे योग्य आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.