क्वाड ५७ ला जाड पॉवर कॉर्ड: आवाजात फरक पडेल का?

प्रश्न (ठाणे): काकांकडून क्वाड ईएसएल-५७ या इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पडद्याच्या) स्पीकरची जोडी आलीय. दुकानदार म्हणतो, 18,000 ची कॉर्ड लावा, आवाज 'मोकळा' होईल. घेऊ का?

उत्तर: अहो, थांबा! गाणं त्या वायरीतून येतच नाही. ते अ‍ॅम्प्लिफायरकडून आतल्या ट्रान्सफॉर्मरमार्गे स्टेटरवर, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या प्लेटांवर जातं. भिंतीतल्या विजेचं काम एवढंच, की बास पॅनेलच्या पडद्यावर सुमारे 6,000 व्होल्टचा स्थिर विद्युतभार टिकवायचा. करंट नगण्य. गाणं चालू असताना प्लग काढून बघा. आवाज लगेच बंद पडत नाही, सावकाश ओसरतो. मग कॉर्ड काय 'मोकळं' करणार, खिसा?

दुसरा वाचक: पटलं. पण आमच्याकडे लाइनचं व्होल्टेज संध्याकाळी पडतं, तेव्हा?

उत्तर: व्होल्टेज बरंच पडलं तर भार कमी होतो, आवाज थोडा बसतो. त्यावर उपाय स्टॅबिलायझर. खरी वैरीण आपली पावसाळी हवा. पॅनेलवर धूळ नि ओल बसली की भार गळतो, तडतड सुरू होते.

प्रश्नकर्ता: मूळ वायरीचं रबर तडकलंय मात्र.

उत्तर: मग बदलाच! साधी तीन पिनांची, अर्थिंगसकट. मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत भार राहतो.