भारतीय एलएलबी परदेशात रद्दी? जरा थांबा

काळा_डगला
काल एका महाशयांची पोस्ट फिरत होती: 'आपली एलएलबी परदेशात रद्दी. पन्नास लाखांचं एलएलएम करा, नाहीतर टॅक्सी चालवा.' खाली 'खरंय सर'ची रांग. डोकं सणकलं म्हणून हा वेगळा धागा.

न्यूयॉर्क पदवी किती वर्षांची आणि त्यात काय शिकवलं, हे तपासतं. शिक्षण कॉमन लॉचं, म्हणजे इंग्लंडच्या परंपरेतल्या कायद्याचं लागतं. आपलं पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबी साधारणपणे यात बसतं, मग एलएलएम न करता बारची, म्हणजे तिथल्या वकिलीच्या परवान्याची परीक्षा देता येते. कॅलिफोर्निया तर सनद असलेल्या परदेशी वकिलाला सरळ बसू देतं. इंग्लंडात २०२१ पासून एसक्यूई ही सॉलिसिटर होण्याची परीक्षा आहे. पहिला टप्पा ३६० बहुपर्यायी प्रश्नांचा, तो भारतातल्या केंद्रातूनही देता येतो. दुसऱ्यातल्या तोंडीसाठी तेवढं तिकडे जायचं. सनदधारकाला दोन वर्षांच्या उमेदवारीची अटही नाही. यात पन्नास लाख कुठे आले? एलएलएमचे क्लास चालवणाऱ्यांना विचारा.

बर्फातला_वकील
सगळं बरोबर आणि सगळं निरुपयोगी. परवाना आणि नोकरी यांत गल्लत करताय. मी टोरांटोत आहे. परदेशी कायद्याच्या पदव्या तपासणाऱ्या इथल्या एनसीएने पदवी तपासली आणि परीक्षेला विषय लावले. संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी, फाउंडेशन्स म्हणजे इथल्या कायद्याचा पाया, व्यावसायिक जबाबदारी हे तर चुकतच नाहीत, मला वर आणखी होते. घरी बसून सगळे काढले. घोडं अडलं ते आर्टिकलिंगला, म्हणजे वकिलाच्या हाताखालच्या सक्तीच्या उमेदवारीला. जिथे जावं तिथे 'कॅनडातला अनुभव?' अहो, तोच मिळवायला तर आलोय! शेवटी एका ऑफिसात इमिग्रेशनचे फॉर्म भरले. पगाराचं नाव काढलं की साहेब म्हणायचे, 'आर्टिकलिंगच्या कागदावर सही हवीय ना?'

काळा_डगला
मग आर्टिकलिंगऐवजी चालणारं एलपीपी का नाही केलंत? तुमच्या ओंटारियोत चार महिने प्रशिक्षण, चार महिने प्रत्यक्ष काम. आर्टिकलिंगच्या मागे धावायचं कारणच नाही.

बर्फातला_वकील
हो, ती सोय आहे, मान्य. तुमच्यासारखे पुण्यात बसून कॅनडा चालवणारे सल्लागार मला तेव्हा भेटले नाहीत, दुर्दैव माझं.

क्लॅटग्रस्त
मूळ दुखणं कोणी बोलत नाही. तीन वर्षांचं एलएलबी म्हणजे सकाळचं कॉलेज, हजेरी कारकुनाच्या कृपेने, परीक्षेच्या आठवड्यात गाईड. तिकडच्यांनी नाक मुरडलं तर चुकलं कुठे? क्लॅटची प्रवेशपरीक्षा देऊन पाच वर्षं लॉ स्कूलात घासलेल्यांना हा त्रास होत नाही.

इंदापूरकर
आले लॉ स्कूलचे राजे! दिवसभर दस्तलेखकाकडे राबून मी ते 'सकाळचं कॉलेज' केलंय. एक वारस फेरफार करून दाखव, मग हजेरीवर बोल. बापाच्या पैशावर पाच वर्षं काढायची आणि आम्हाला शिकवायचं.

क्लॅटग्रस्त
बापाचे नाहीत, बँकेचे आहेत. हप्ते मीच भरतोय. आणि लंडनमध्ये फेरफार कोणी विचारत नाही.

इंदापूरकर
लंडनवाल्याची जमीन इथेच आहे ना रे! तिकडे सही केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. तुमच्या लॉ स्कूलात हे सांगितलं होतं का? गेल्या वर्षी एक साहेब तो कागद कपाटात ठेवून बसले आणि व्यवहार लटकला. शेवटी आले आमच्याकडेच.

क्लॅटग्रस्त
मुद्रांक कायदा आम्हालाही होता. फरक एवढाच की आम्ही तो वाचला.

इंदापूरकर
वाचलास, वापरला कधी?

टेम्सकाठची
फाटे फोडणं थांबवा. मी पण सकाळच्या कॉलेजचीच. पुण्यात रात्रपाळीला अमेरिकी खटल्यांची कागदपत्रं तपासायचे आणि उरलेल्या वेळात एसक्यूईचा अभ्यास. आज लंडनमध्ये सॉलिसिटर आहे. एलएलबी पाच वर्षांचं की तीन, असं कोणी विचारलं नाही.

पण बर्फवाल्यांचं अगदीच खोटं नाही. सनद हातात असली तरी फर्मचा पहिला प्रश्न व्हिसाचा. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसाला साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. छोट्या फर्म नवख्याला तेवढा देत नाहीत. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले म्हणून निभावलं. यशोगाथा लिहिणारे नेमकं हेच गाळतात.

इंदापूरकर
म्हणजे एसक्यूईच्या आधी लग्न. अभ्यासक्रमात घाला.

काळा_डगला
हसा. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली. बाई म्हणून पदवी मिळाली थेट १९२२ मध्ये. त्या घरी बसल्या नाहीत.

बर्फातला_वकील
तीस वर्षं थांबा, एवढंच ना? घरमालकाला कळवतो.

वाचनमात्र
इंदापूरकर, ते तीन महिने सहीच्या तारखेपासून की कागद इथे आल्यापासून? भाऊ न्यू जर्सीत आहे, कालच कुरियर आलंय.

इंदापूरकर
आल्यापासून. कुरियरचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. बाकीचं व्यक्तिगत निरोपात बोलू, इथे फुकट सांगितलं तर क्लॅटवाले टिपून घेतील.