मदत हवी आहे: मुलांसाठी फोन नंबर न मागणारं मेसेजिंग ॲप

दुपारचा_चहा

मुलं दोन, वय ११ आणि ८. घरात एक अँड्रॉइड टॅबलेट आहे, नुसता वाय-फायवाला, त्यात सिमची जागाच नाही. मुलांच्या नावाने मोबाइल नंबर एवढ्यात घ्यायचा नाही. बोलायचं आहे ते आईबाबांशी, साताऱ्याच्या आजी-आजोबांशी (दोघांकडे साधे अँड्रॉइड फोन), कॅनडातल्या मावसभावंडांशी आणि सोसायटीतल्या तीन-चार मित्रांशी. बस्स.

अटी: नंबर लागू नये, अनोळखी माणसाला मुलं शोधून सापडू नयेत, जाहिराती नकोत आणि आजीला जमलं पाहिजे. सिग्नल पाहिलं, पण नोंदणीला तिथेही नंबर लागतोच. परदेशी लेखांत सगळे थ्रीमा सुचवतात, ते आपल्या प्ले स्टोअरवर दिसत नाही. असं का? आणि मग घ्यायचं काय?

पाटीपेन्सिल

एवढा विचार कशाला? बाबांच्या व्हॉट्सॲपला टॅबलेट 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडा. दोन मिनिटांचं काम.

निवडुंग

दोन मिनिटांचं आहे, पण त्यात मुलांचं खातं तयार होत नाही, बाबांचं अख्खं व्हॉट्सॲप मुलांच्या हाती जातं. ऑफिसचे ग्रुप, नातेवाइकांची भांडणं, सगळं टॅबलेटवर उघडं. मुलाने 'हाय' पाठवला तरी समोरच्याला तो बाबांकडूनच आलेला दिसणार. शिवाय मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात.

दुसरी युक्ती कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. फक्त ओटीपीपुरतं जास्तीचं सिम घ्यायचं, त्यावर खातं उघडायचं आणि सिम ड्रॉवरमध्ये टाकायचं. हे दोन कारणांनी फसतं. एक, वापर आणि रिचार्ज नसलेलं प्रीपेड सिम कालांतराने बंद होतं, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्या नव्या माणसाने तिथे नोंदणी केली की तुमचं मूल बाहेर. दोन, २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने सिम बाइंडिंगचा आदेश काढला. नंबरवर चालणारी ॲप्स त्याच फोनमध्ये ते सिम चालू असेल तरच चालावीत आणि वेब आवृत्ती ६ तासांत लॉगआउट व्हावी, असं त्यात म्हटलं आहे. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टई सगळी त्यात येतात. सिम नसलेल्या टॅबलेटसाठी नंबरवाल्या ॲपवर घर बांधू नका.

सिग्नलबद्दल: फेब्रुवारी २०२४ पासून युजरनेम आलं, त्याने नंबर समोरच्यापासून लपतो. नोंदणीला मात्र तो लागतोच. तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

वायरमन

थ्रीमाचं कारण सोपं आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली १४ मेसेजिंग ॲप्सवर बंदी घातल्याच्या बातम्या आल्या. जम्मू-काश्मीरमधल्या अतिरेक्यांकडून वापर होतो, हे कारण दिलं होतं. त्या यादीत थ्रीमा, ब्रायर, एलिमेंट, आयएमओ, झँगी, विकर मी अशी नावं होती. म्हणजे 'नंबरशिवाय चालणारी ॲप्स' असा परदेशी लेख उघडला की त्यातली निम्मी नावं आपल्याकडे बाद. (विकर मी तर २०२३ च्या अखेरीस कंपनीनेच बंद केलं.) आडवाटेने एपीके (ॲपची फाइल) उतरवून बंदी असलेलं ॲप मुलांच्या टॅबलेटवर टाकू नका. अपडेट बंद पडतात, आणि उद्या ते चाललं नाही तर आजीला काय सांगणार?

हळहळ वाटते, कारण या कामाला थ्रीमा अगदी चपखल होतं. आठ अक्षरांचा आयडी, एकदाच पैसे, आणि 'अनोळखी ब्लॉक' असं एक बटण.

आता मूळ मुद्दा. सगळे एन्क्रिप्शनवर (मेसेज तिसऱ्याला वाचता येऊ नयेत म्हणून कुलूपबंद करणं) वाद घालतात. मुलांच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळा: दारावर टकटक कोण करू शकतं? नंबर न मागणारी कितीतरी ॲप्स युजरनेमवर चालतात, आणि युजरनेम शोधता येत असेल तर अनोळखी माणसाचं काम नंबरपेक्षाही सोपं होतं. तेव्हा ॲप उघडल्यावर आधी शोधाची चौकट आणि सार्वजनिक ग्रुपची यादी आहे का ते बघा. असेल तर ८ वर्षांच्या मुलासाठी ते बाद, एन्क्रिप्शन कितीही भारी असो. सेशन या ॲपला मी याच कारणाने नकार देतो. नंबर नको, ईमेल नको, ६६ अक्षरांचा आयडी, १३ शब्दांचा रिकव्हरी पासवर्ड, सगळं छान. पण नवीन संभाषणाच्या पडद्यावरच 'कम्युनिटी'त सामील होण्याची वाट आहे, आणि तिथे जगभरचे अनोळखी लोक.

तुमच्या यादीसाठी माझं मत डेल्टा चॅट.

दुपारचा_चहा

डेल्टा चॅट ईमेलवर चालतं ना? मुलांना ईमेल पण काढून द्यायचा नाहीये.

वायरमन

आतून ईमेलच, पण तुम्हाला ते दिसत नाही. २०२४ पासून 'चॅटमेल' सर्व्हरवर झटपट खातं निघतं: नाव लिहा, हवं तर फोटो लावा, बटण दाबा. ॲप स्वतःच अगडबंब अक्षरांचा एक पत्ता तयार करतं. हे सर्व्हर एन्क्रिप्ट न केलेला मेल पाठवायलाच नकार देतात. पत्त्यांची डिरेक्टरी नाही, शोध नाही. त्यामुळे मूल सापडण्याचा मार्ग एकच: त्याचा क्यूआर कोड किंवा आमंत्रणाची लिंक.

क्रम असा ठेवा. आधी टॅबलेटवर फॅमिली लिंक, म्हणजे गुगलचं पालकांसाठीचं नियंत्रण ॲप. १३ खालच्या मुलाचं गुगल खातं पालकाच्या खात्याखाली काढायचं आणि प्लेवरून काहीही उतरवायला तुमची मंजुरी लागेल असं करायचं. फॅमिली लिंक मेसेज वाचत नाही, ते फक्त ॲप आणि वेळेवर पहारा देतं. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तुम्ही एक ॲप निवडाल आणि मुलं चार उतरवतील.

मग डेल्टा चॅट टाका आणि दोन्ही मुलांची वेगळी प्रोफाइल बनवा. एकाच ॲपमध्ये अनेक प्रोफाइल चालतात. खरं नाव, आडनाव, शाळा नको; घरातलं टोपणनाव पुरे. संपर्कांची परवानगी मागितली तर नाकारा, त्याशिवाय काही अडत नाही.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. सेटिंग्जमध्ये 'ॲड सेकंड डिव्हाइस' आहे. टॅबलेटवर क्यूआर येईल, तो तुमच्या फोनवरच्या डेल्टा चॅटमधून स्कॅन करायचा. दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर हवीत, आणि काम होईपर्यंत दोन्हींचे पडदे चालू ठेवा. बऱ्याच राउटरवर 'गेस्ट' वाय-फाय उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही, तिथे हे हमखास अडकतं. नेहमीच्या नेटवर्कवर या. झालं की मुलाचं प्रोफाइल तुमच्या फोनवरही जिवंत राहतं. टॅबलेट पडला, फुटला, तरी खातं शाबूत. नाहीतर 'पासवर्ड विसरलो' हा मार्गच इथे नाही. उपकरण गेलं की खातं गेलं.

अर्थात, याचा अर्थ मुलाचे सगळे मेसेज तुम्हाला दिसणार. हे ११ वर्षांच्या मुलाला आधी सांगा. लपूनछपून केलंत तर पहिल्याच आठवड्यात त्याला कळेल, कारण तुम्ही उघडलेले मेसेज त्याच्याकडेही वाचलेले दिसतील.

निवडुंग

भर घालतो. क्यूआर समोरासमोर स्कॅन करणं सगळ्यात चांगलं. कॅनडासाठी मावशीशी व्हिडिओ कॉल लावा, तिने तिच्या मुलाचा क्यूआर लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवायचा आणि टॅबलेटने तो टिपायचा. व्यवस्थित चालतं. लिंक पाठवायचीच असेल तर मावशीला एकटीला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीत तर ज्याच्या हाती लागेल तो गप्पा सुरू करू शकतो. चुकून गेलीच तर क्यूआरच्या पडद्यावरच्या मेनूतून तो कोड रद्द करता येतो; जुन्या ओळखी तशाच राहतात.

एक खोच लक्षात ठेवा: डेल्टा चॅटच्या ग्रुपमध्ये ॲडमिन नसतो. प्रत्येक सदस्याला सारखे हक्क, कोणीही कोणालाही घेऊ शकतं किंवा काढू शकतं. घरच्या सात-आठ जणांच्या ग्रुपला हे चालतं. सोसायटीतल्या मुलांचा ग्रुप केलात तर एका मुलाचा मोठा भाऊ, त्याचा मित्र, अशी साखळी लागते. मित्रांशी एकेकट्याने बोलू द्या.

सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही, पण कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर पाकीट गेलं हे त्याला कळू शकतं. तुमच्या गरजेला एवढं चालेल.

खिडकीपाशी

मेसेंजर किड्स कोणी सुचवलं नाही? संपर्क पालक मंजूर करतात, नंबर लागत नाही, व्हिडिओ कॉल आहेत.

वायरमन

दारावरचा पहारा चांगला आहे, मान्य. पण पालकाचं फेसबुक खातं लागतं, मुलांचं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे मधल्या कंपनीलाही वाचता न येणारं) नाही, आणि कंपनी मेटा. शिवाय २०१९ मध्ये त्यांच्या ग्रुप चॅटमध्ये एक चूक निघाली होती: पालकांनी मंजूर न केलेली माणसं मुलांबरोबर एका ग्रुपमध्ये येऊ शकत होती. ती दुरुस्त झाली. तरी 'मंजुरी आहे' म्हणून निर्धास्त होऊ नये, एवढ्यासाठी सांगितलं. ८ वर्षांच्या मुलाला फक्त आजीशी व्हिडिओवर बोलायचं असेल आणि घरात फेसबुक आहेच, तर मी अगदी नाही म्हणणार नाही.

'किड्स' हा शब्द बघून मात्र भुलू नका. २०२२ मध्ये जसटॉक या ॲपचा प्रचंड डेटा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. मेसेज एन्क्रिप्ट न केलेले, दावा एंड-टू-एंडचा. जसटॉक किड्सवरचे मुलांचे मेसेजही त्यातच होते.

दुपारचा_चहा

डेल्टा चॅट टाकून पाहिलं. टॅबलेटवर ठीक. आजीच्या रेडमीवर मेसेज ॲप उघडल्यावरच येतात, कधी दोन तासांनी. कॉलचं काय?

निवडुंग

हा दोष ॲपचा कमी आणि फोनचा जास्त. शाओमी, रिअलमी, विवो हे बॅटरी वाचवायला मागची ॲप्स मारून टाकतात. आजीच्या फोनवर सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डेल्टा चॅट: 'ऑटोस्टार्ट' चालू, 'बॅटरी सेव्हर' मध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स'. मग अलीकडच्या ॲप्सच्या पडद्यावर त्या कार्डाला कुलूप लावा, म्हणजे आजीने 'सगळं साफ' केलं तरी ते मरत नाही. सिस्टिमचा मोठा अपडेट आला की हे पुन्हा तपासा, कधीकधी जुन्या जागी जातं.

कॉलसाठी डेल्टा चॅट निवडू नका. ते लिहिण्याचं, फोटोंचं आणि बोलून पाठवायच्या मेसेजचं साधन आहे. आजीला टाइप करण्यापेक्षा माइकचं बटण दाबणंच आवडेल. व्हिडिओ कॉल तुमच्या फोनवरून लावून द्या. या वयात ते बरंही असतं. मुलं कंटाळणार नाहीत, चॅटच्या आत खेळता येणारे छोटे खेळ आहेत, आणि त्या खेळांना इंटरनेटवर जाण्याची मुभाच नसते.

उंबरठा

कॉल हवेच असतील तर सिंप्लेक्स बघा. तिथे आयडी हा प्रकारच नाही. ना नंबर, ना युजरनेम. प्रत्येक ओळखीसाठी एकदाच चालणारी वेगळी लिंक, एकाने वापरली की संपली. लिंक फुटण्याची भीती त्यामुळे फारच कमी.

खाचखळगे: अँड्रॉइडवर लगेच सूचना हव्या असतील तर ते सतत मागे चालू ठेवावं लागतं, बॅटरी खातं. दुसऱ्या पर्यायात ते दर १० मिनिटांनी डोकावतं. न पोचलेले मेसेज सर्व्हरवर २१ दिवस राहतात, फाइल फक्त ४८ तास. उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅबलेट महिनाभर घरी राहिला तर मधलं गेलं. आणि मुख्य म्हणजे एकच डेटाबेस दोन उपकरणांवर चालवू नका. बॅकअप दुसरीकडे उघडून दोन्हीकडे वापरलात की संभाषणांच्या किल्ल्या जुळेनाशा होतात आणि मेसेज उलगडत नाहीत. म्हणजे वर सांगितलेली 'पालकाच्या फोनवर दुसरं उपकरण' ही सोय इथे नाही. बॅकअप घेताना आधी स्वतःचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) ठेवा, चॅट थांबवा, मग एक्स्पोर्ट करा. पासफ्रेज कागदावर, कपाटात.

११ वर्षांच्या मुलाला जमेल. आजीला नाही जमणार, सरळ सांगतो.

खिडकीपाशी

घरात जुना आयपॅड पडला असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचं खातं काढा, आयमेसेज आणि फेसटाइम ईमेल पत्त्यावर चालतात, सिम नको. स्क्रीन टाइममध्ये 'कम्युनिकेशन लिमिट्स' मध्ये 'फक्त संपर्क' निवडा आणि मुलाची संपर्कयादी तुम्ही सांभाळा. पण समोर अँड्रॉइड असलं की आयमेसेज उपयोगी नाही.

दुपारचा_चहा

आयपॅड नाही, आणि आजी-आजोबा अँड्रॉइडवर. डेल्टा चॅटच ठेवते. आजीच्या फोनवर ऑटोस्टार्ट चालू केल्यापासून मेसेज वेळेवर येतायत. शेवटचं: डेल्टा चॅटचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर ठेवला तर चालेल?

वायरमन

तसाच नको. ती फाइल कुलूपबंद नसते. ज्याच्या हाती लागेल तो ती उघडून मुलाचं प्रोफाइल जसंच्या तसं चालवू शकतो. पेनड्राइव्हवर घ्या आणि घरात ठेवा. प्रोफाइल दोन आहेत, तेव्हा बॅकअपमध्ये दोन्ही आली का ते बघून घ्या.