सोसायटी ग्रुप: "स्टॅम्प पेपरवर सही करू का?"

बी-३०४ वहिनी: नमस्कार. इथे विचारू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. ह्यांच्या अपघाताला साडेतीन महिने झाले. गाडीवाल्याचे मामा काल घरी आले, पंच्याहत्तर हजार आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन. "किरकोळ दुखापत झाली, आमची काही तक्रार नाही" असं टाइप करूनच आणलंय. म्हणतात, पोरगा प्यायलेला होता, इन्शुरन्सवाले दमडी देणार नाहीत, हे घ्या आणि मिटवा.

सी-१०२: किरकोळ? पायात रॉड आहे ना दादांच्या!

ए-५०१: घेऊन टाका हो वहिनी. कोर्टात वर्षानुवर्षं जातात. माझ्या साडूचं बघितलंय.

डी-१०१ काका: वहिनी, सही करू नका. मी ३१ वर्षं विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. "प्यायला होता म्हणून पैसे नाहीत" ही भीती नेहमी घालतात. ते कंपनी आणि गाडीमालक यांच्यातलं भांडण. तुमचे मिस्टर तिसरा पक्ष. अशा केसमध्ये सहसा कोर्ट कंपनीला सांगतं, जखमीला आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा.

बी-३०४ वहिनी: पण दारूचा रिपोर्ट आमच्याकडे नाही काका.

डी-१०१ काका: रक्ताचा रिपोर्ट पोलिसांच्या कागदांत असतो. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पण भरपाई दारूवर नाही, निष्काळजीपणावर मिळते. तो राँग साइडने आला, हे पंचनाम्यात आहे ना? मग झालं. फौजदारी केसच्या निकालाचीही वाट बघायची नाही.

सी-१०२: अर्ज कुठे करायचा?

डी-१०१ काका: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, शिवाजीनगर कोर्टात. कलम १६६. एप्रिल २०२२ पासून मुदत सहा महिन्यांची झालीय, त्यामुळे या महिन्यातच वकील गाठा. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती. रिक्षाच्या भाड्याचीसुद्धा वही ठेवा.

ए-५०१: मेडिक्लेमने हॉस्पिटलचं बिल भरलं असेल तर तेवढे कापतात.

डी-१०१ काका: आता नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं, मेडिक्लेमचे पैसे वजा करायचे नाहीत. आमच्या खात्यात आम्ही मात्र हौसेने कापायचो.

चेअरमन: 📢 उद्या टाकी धुणार. पाणी सकाळी ७ ते ८ फक्त.

बी-३०४ वहिनी: डॉक्टर म्हणाले २० टक्के अपंगत्व लिहून देतो. कमीच वाटतंय.

डी-१०१ काका: तो आकडा पायाचा. कोर्टाने बघायचं कमाईचं. टेबलावर बसून लिहिणाऱ्याला २० टक्क्यांनी फरक पडणार नाही, एसी मेकॅनिकला पडतो. शिडी चढता येते का त्यांना?

बी-३०४ वहिनी: स्टुलावर पण नाही चढत. टूल्सची बॅग दाराशी तशीच आहे. मुलगा रोज उचलून आत ठेवतो, हे रोज बाहेर आणून ठेवतात.

डी-१०१ काका: हे वकिलाला शब्दशः सांगा. आता हिशोब. वय ४२, महिना २५ हजार धरू. वर्षाचे ३ लाख, स्वतःचा धंदा म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के, म्हणजे पावणेचार लाख. या वयाला गुणक १४, म्हणजे त्या रकमेला १४ ने गुणायचं. वीस टक्के धरले तर साडेदहा लाख, कोर्टाने चाळीस मानले तर एकवीस. उपचार, बुडालेली कमाई, वेदना हे वेगळं, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. आता मामांचे पंच्याहत्तर हजार त्याच्याशेजारी ठेवून बघा.

ए-५०१: बरं बाबा, माझं मागे घेतो. पण वेळ लागणार हे खरं.

डी-१०१ काका: लागतो. लोकअदालतीत लवकर मिटतं कधी कधी, पण तिथे बसून. खरी अडचण दुसरीच आहे. २५ हजार कमवत होते, हे दाखवणार कसं? रिटर्न भरलेत?

बी-३०४ वहिनी: नाही हो. कोण रोख द्यायचं, कोण मोबाइलवर. बिलबुक आहे, अर्धं भरलेलं.

सी-१०२: एक मिनिट. आमच्या दोन एसीचे १,८०० मी मोबाइलवरूनच दिले होते. एप्रिलमध्ये. स्क्रीनशॉट टाकू?

ए-५०१: माझेपण आहेत. मे महिन्यात गॅस भरला होता, २,५००.

डी-१०१ काका: ग्रुपवर नको, वहिनींना वेगळे पाठवा, तारीख दिसेल असे. ज्यांनी रोख दिलेत त्यांच्यापैकी कोणी साक्षीला येईल का?

बी-२०१ आजी: मी येते. माझ्याकडे डायरीत लिहिलंय, गेल्या दिवाळीपासूनचं सगळं.

बी-३०४ वहिनी: आजी 🙏 मामांना फोन करून पेपर परत घेऊन जायला सांगते.

चेअरमन: माझे ६५० पण आहेत, शोधतो. टाकीचं सगळ्यांनी बघितलं ना?