तंबूची जागा निवडताना झालेली फजिती: तुमचे अनुभव लिहा

दिवाळीची आवराआवर चालली आहे. माळ्यावरून जुना तंबू निघाला, पिशवी झटकली तर खुंट्यांना अजून वाळलेली माती. भंडारदऱ्याची! 2011 चा डिसेंबर. कसारा लोकल, पुढे जीप. आर्थर लेकच्या काठावर बाकीच्यांनी तंबू वर, लांब ठोकलेले आणि पाण्यालगतची गादीसारखी मऊ जागा मोकळी. आम्ही मुलुंडचे शहाणे, म्हटलं लोक किती बावळट! रात्री दोनला पाठीखाली ओल, कापडावरून थेंब टपटप तोंडावर, बोटं वाकेनात. सकाळी चहावाले मामा म्हणाले, "ताई, गारठा पाण्यासारखाच उताराने खाली येतो नि सखलात साठतो. बांधाच्या वर लावायचा ना." हे काल सांगायला काय झालं होतं?
तुमच्या फजित्या येऊ द्या, मला एकटीला वेडं वाटायला नको.

ठाणेकर_भटका
आम्ही भात कापलेलं खाचर निवडलेलं. कॅरमबोर्डसारखं सपाट! अंधारात धसकटं दिसली नाहीत. हवेची गादी अकरा वाजता फुस्स. बायको अजून विचारते, "कुठे जायचंय? खाचरात?"

चहाटळ
ते सगळं ठीक, कसारा लोकलला बसायला मिळालं का?

मूळ लेखिका
खडवलीपर्यंत उभी :)

पायपीट
हरिश्चंद्रगड. उठल्या उठल्या दरी दिसावी म्हणून कोकणकड्याकडे तोंड करून तंबू. खाली कातळ, खुंटी बोटभरही शिरेना, दोऱ्यांना दगड बांधले. रात्री कोकणातून वारा जो वर चढायला लागला, तो थेट दारातून आत. तंबूचा फुगा झाला. आम्ही चौघं चार कोपऱ्यांत वजनं म्हणून बसलो, एकाला लघवीला जायचं तर बाकीचे "तू उठू नकोस!" तीन वाजता सगळं गुंडाळून एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, दार उलट्या दिशेला. दरी सकाळी चार पावलं चालून बघितली, तशीच दिसते.

आमरस
कर्जतला कलमाखाली, सावली म्हणून. ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या! बाकी काही लिहीत नाही.

मालवणी_मसाला
आमच्याकडे हुमले म्हणतात. चावले की कळतं का म्हणतात ते.

आमरस
माझी आजी त्यांची चटणी करायची असं सांगायची, खरं-खोटं देव जाणे. कुकर झाला, येते.

दादरकर
सगळ्यात महत्त्वाचं कोणीच लिहीत नाहीये: घोरणाऱ्यापासून किती लांब? पवनेला तयार तंबू असतात, नंबर देतात नि विषय संपला. माझ्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला स्पीकर. समोर तुंग किल्ला किती सुंदर दिसतो हे त्या स्पीकरला सांगा.

अबोली
आमची फजिती नाही, भीतीच. काजवे बघायला राजमाचीला, जूनचा पहिला आठवडा. उधेवाडीजवळ कोरड्या ओहोळातली वाळू छान सपाट वाटली. पाऊस आमच्या डोक्यावर नव्हताच, वर कुठेतरी पडला. आधी खळखळ ऐकू आली, मग पाय ओले. लेक साडेतीन वर्षांची, तिला उचललं आणि पळालो. दोन सॅक गेल्या. तेव्हापासून जागा बघताना आधी वर बघते, पाणी कुठून येईल ते.

पायपीट
बाप रे. अबोली, लेक बरी ना आता?

अबोली
दहावीला आहे. मागच्या सुट्टीत तिनेच तंबू लावला. डोकं चढाच्या बाजूला, पाय उताराला, मलाच शिकवत होती.

ठाणेकर_भटका
लेखिका, तंबू विकणार आहात का? किती माणसांचा?

मूळ लेखिका
नाही हो. मुलाने तो हॉलमध्ये लावलाय, बरोबर पंख्याखाली. सासूबाईंची दुपारची झोपायची जागा ती. वाटाघाटी चालू आहेत.