इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, पण सोसायटी आणि ताम्हिणी आडवी येतेय. मदत हवी आहे.

नमस्कार मंडळी,

जुनी पेट्रोल हॅचबॅक काढून इलेक्ट्रिक घ्यायचा विचार आहे. राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडी, गाव गुहागरजवळ. नेक्सॉन ईव्ही, पंच ईव्ही आणि विंडसर चालवून पाहिल्या. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबायचा नाही, यावरच बायकोने मत देऊन टाकलंय.

"चालवायला स्वस्त पडते" एवढंच कृपया सांगू नका, तो हिशोब केलाय. महिन्याला हजार किमी, युनिटला सहा-सात किमी आणि चार्जिंगमधली दहा टक्के घट धरली की १६० ते १८५ युनिट होतात. घरचा वापर आधीच अडीचशेच्या आसपास, म्हणजे त्याच मीटरवर गाडी लावली की महावितरणचा ३०० च्या वरचा स्लॅब लागणार आणि तिथे दर चांगलाच चढतो. गाडीसाठी वेगळं मीटर घेतलेल्यांनी सांगावं, स्थिर आकार धरूनही ते परवडतं का?

खरं घोडं अडलंय सोसायटीत. पार्किंग बेसमेंटमध्ये, मीटर रूम पलीकडच्या विंगमध्ये. कमिटीचं म्हणणं, आग लागली तर जबाबदार कोण, ट्रान्सफॉर्मरवर लोड येईल, आणि एकाला दिलं की सगळे मागतील. (सगळे मागणारच आहेत, म्हणून तर आत्ताच नीट सोय करा म्हणतोय!) केबल, एमसीबी, अर्थिंग सगळं माझ्या खर्चाने, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून द्यायला तयार आहे. तुमच्याकडे ना-हरकत कशी मिळाली? रोज ३०-३५ किमीलाच लागणार, तर ७.२ किलोवॅटचा चार्जर हवाच का, की १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात भागतं?

दुसरी शंका गावची. ताम्हिणी, माणगाव, महाड, चिपळूण असं अडीचशेच्या वर अंतर. उतरताना रीजनने (ब्रेक लावताना बॅटरी परत थोडी चार्ज होते ते) थोडं परत मिळतं, पण येताना घाट चढायचा, मे महिना, एसी चालू, चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. ब्रोशरमधली रेंज तिथे कामाची नाही. या रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांनी सांगा, परतताना माणगाव सोडताना किती टक्के हवेत? शिवाय गावचं घर जुनं, अर्थिंगचा भरवसा नाही आणि अर्थिंग नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जच घेत नाहीत म्हणे. नवीन अर्थिंग करून काम झालं का कोणाचं?

बॅटरीची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे पुढे विकताना काय भाव येतो तेही कोणी विकली असेल तर लिहा. द्रुतगती मार्गावरची टोलमाफी माहीत आहे, पण आम्ही मुंबईला जातो कधी?

शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. त्याआधी कोणाकडे मंजूर झालेल्या अर्जाचा नमुना असेल तर नावं खोडून इथे टाका.