प्रति: जळगावात प्लॉटसाठी एजंट कसा निवडावा?

वर बहुतेकांनी 'ओळखीतला बघा' असं सांगितलंय. मला ते पटत नाही. ओळखीतला म्हणजे दलाली किती, हे विचारायचीही चोरी! त्यापेक्षा आधी महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा. एजंटचा 'ए'ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतात. मग चालू सातबारा (सिटी सर्व्हेत असेल तर प्रॉपर्टी कार्ड), एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट. चांगला एजंट जमिनीवर बोजा (कर्ज वगैरे) असेल तर स्वतःहून सांगतो. 'एनए होऊनच जाईल भाऊ, आज टोकन देऊन टाका' म्हणणाऱ्याला सरळ रामराम, मग तो शालकाचा मित्र का असेना. आणि दलाली विसार देण्याआधी लिहून घ्या. तो विकणाऱ्याकडूनही घेतोय का, तेही विचारा.